खडकावर फुटणारी लाट : तोएईच्या लोगोची गोष्ट

भरतीओहोटी

जपानी सिनेमे बघायला लागून मला वीसेक वर्षं झाली. कितीतरी सिनेमांच्या कथा आता एकमेकींत मिसळून गेल्यात, पण एक दृश्य जसंच्या तसं आठवतं. काळे खडक, त्यांच्यावर येऊन फुटणारी लाट, उडालेलं पांढरं पाणी आणि त्यातून पुढे येणारा गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण. त्रिकोणात दोन अक्षरं, 'तो' आणि 'एई'. हे दृश्य कुठल्या एका दिग्दर्शकाचं नाही. तो तोएई कंपनीचा लोगो आहे आणि तिच्या शेकडो सिनेमांची सुरुवात त्याने होते. जपानीत या दृश्याला 'आराइसो नि नामी' म्हणतात, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरची लाट.

जपानच्या मोठ्या कंपन्यांपैकी शोचिकूने फुजी पर्वत घेतला, तोहोने प्रकाशाचे किरण घेतले. पर्वत जागचा हलत नाही, किरण स्टुडिओत तयार करता येतात. लाटेसाठी मात्र कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जावं लागतं, मनासारखी लाट येईपर्यंत थांबावं लागतं, आणि एकदा गेलेली लाट पुन्हा तशीच मिळत नाही. म्हणून या लोगोचा इतिहास मला एखाद्या सिनेमाच्या इतिहासाइतकाच जवळचा वाटतो.

तोएईची स्थापना १ एप्रिल १९५१ची. तोयोको एइगा आणि ओइझुमी एइगा या सिनेमे काढणाऱ्या दोन कंपन्या आणि तोक्यो एइगा हाइक्यू ही वितरण कंपनी, अशा तिघी एकत्र आल्या. तिघींची परिस्थिती बेताचीच होती आणि नव्या कंपनीच्या डोक्यावर जन्मतःच डोईजड कर्ज होतं. ते फेडायला अध्यक्ष म्हणून आले हिरोशी ओकावा. हे गृहस्थ सिनेमातले नव्हतेच. तोक्यू या रेल्वे कंपनीतून आलेले, हिशेबात मुरलेले. त्यांनी दोन सिनेमे एकाच तिकिटात दाखवायची पद्धत लावून धरली. मुख्य सिनेमाला जोडून मुलांना आवडतील असे छोटे, मालिकेसारखे तलवारपट दिले आणि चित्रपटगृहं भरायला लागली.

लाट आली ती याच पन्नाशीच्या दशकात. तीन खडक म्हणजे एकत्र आलेल्या तीन कंपन्या आणि त्यांच्यावर आदळणारा समुद्र म्हणजे त्यांच्यापुढची संकटं, असा अर्थ सांगितला जातो. अर्थ आधी ठरला की खडक बघून नंतर सुचला, कोण जाणे. पण कर्जात बुडालेल्या कंपनीने लाट झेलणारा खडक स्वतःची खूण म्हणून घ्यावा, हे मला फार खरं वाटतं.

चित्रीकरण झालं चिबा प्रांतात, चोशी गावाजवळच्या इनुबोसाकी या भूशिरावर. सुरुवातीची लाट कृष्णधवल आणि जुन्या, जवळजवळ चौकोनी पडद्याच्या मापाची होती. मग २ एप्रिल १९५७ ला तोएईने 'ओतोरीजो नो हानायोमे' प्रदर्शित केला. सादात्सुगू मात्सुदा दिग्दर्शक, र्‍युतारो ओतोमो नायक. जपानचा हा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, सिनेमा. कंपनीने त्या तंत्राला 'तोएईस्कोप' नाव दिलं. दोन-तीन वर्षांत बाकीच्या कंपन्याही रुंद पडद्यावर आल्या आणि प्रत्येकीने आपापलं नाव लावलं, तोहोस्कोप, निक्कात्सुस्कोप वगैरे. पडदा रुंदावला तसा समुद्रही रुंदावला. कृष्णधवल लाटेत फेस आणि खडक एवढंच दिसायचं. रंग आले आणि लाटेला निळाई आली. पुढेही लाट बदलत राहिली. कोणत्या काळातली लाट आहे हे सरावलेल्या डोळ्याला लगेच कळतं.

या लोगोला स्वतःची ठरलेली अशी धून नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. बिगुल वाजत नाही, ढोल नाही. त्यामुळे पुढे येणाऱ्या सिनेमाला ती लाट आपलीशी करता येते. किंजी फुकासाकूंचा १९७३चा 'जिंगी नाकी ताताकाई' बघा. लाट विरते आणि पुढचीच प्रतिमा येते ती अणुबाँबच्या ढगाच्या छायाचित्राची, त्यावर लाल अक्षरांत नाव, आणि तोशिआकी त्सुशिमांचं कानठळ्या बसवणारं संगीत. हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरातल्या टोळ्यांची ती कथा. तीच लाट, जी वीस वर्षांपूर्वी मुलांच्या तलवारपटाआधी यायची, ती इथे भयाण वाटते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. मध्यंतरी मी साठच्या दशकातल्या एका तोएई सिनेमाची डीव्हीडी मागवली. नाव घेत नाही. मूळ लाट काढून तिथे अलीकडची, स्वच्छ, चकचकीत लाट डकवलेली होती. पुढे सिनेमा कृष्णधवल! मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी सिनेमा बघितलाच नाही. लोगो हे सिनेमाचं पहिलं दृश्य आहे. पहिलं पान फाडून नवं चिकटवलेलं पुस्तक आपण विकत घेऊ का? तुम्हाला काय वाटतं? आणि जपानी कंपन्यांच्या लोगोंबद्दल जे जे माहीत असेल ते लिहा.

मोगरा७

सुरेख धागा. मी आजवर तोहो आणि तोएई एकच समजत होते!

भरतीओहोटी

मोगरा७, पुष्कळांचं तसं होतं, कारण दोन्हींतलं पहिलं अक्षर एकच आहे, तोक्योतलं 'तो'. तोहो म्हणजे तोक्यो आणि ताकाराझुका. ताकाराझुकातल्या 'ताकारा'ची चित्रलिपी म्हणजे खजिना, तिचा दुसरा उच्चार 'हो'. हांक्यू रेल्वेचे इचिझो कोबायाशी यांनी आपल्या रेल्वेच्या टोकाला असलेल्या ताकाराझुका गावात मुलींची संगीत नाटकमंडळी काढली होती. त्यांनीच १९३२ मध्ये तोक्योत नाट्यगृहाची कंपनी काढली, तिच्यातून तोहो उभी राहिली. तोएई हे 'तोक्यो एइगा हाइक्यू'चं लघुरूप. 'एइगा' म्हणजे सिनेमा.

दोन्ही कंपन्यांची मुळं खाजगी रेल्वेत आहेत, हे मला फार रंजक वाटतं. लोकांनी सुट्टीच्या दिवशीही गाडीत बसावं म्हणून करमणूक उभी करायची, हा कोबायाशींचा विचार होता.

अक्षरवेल

शोचिकूबद्दल थोडं माझ्याकडून. शो म्हणजे पाइन, चिकू म्हणजे बांबू. मात्सुजिरो शिराई आणि ताकेजिरो ओतानी हे जुळे भाऊ संस्थापक. एकाच्या नावात 'मात्सु' म्हणजे पाइन, दुसऱ्याच्या नावात 'ताके' म्हणजे बांबू. दोघांची अक्षरं शेजारी ठेवली आणि चिनी वळणाने उच्चारली की 'शोचिकू'. कंपनी आपली सुरुवात १८९५ पासून मोजते. ती काबुकीच्या धंद्यातली. सिनेमात आली १९२० मध्ये.

पुण्यात फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केला त्या उन्हाळ्यात दिग्दर्शक ओझूंचा 'तोक्यो मोनोगातारी' पहिल्यांदा पाहिला. आधी शोचिकूचा फुजी, मग गोणपाटासारख्या जाड विणीच्या कापडावर नावं. ओझूंच्या बहुतेक सिनेमांत नावं तशाच कापडावर येतात. फुजी आणि ते कापड मिळून एक उंबरठा तयार होतो असं मला तेव्हा वाटलं होतं. बाहेर भव्य पर्वत, आत आलं की घरातलं साधं कापड. फुजीच्या जागी आजचा, रंगीत, संगणकावर केलेला पर्वत टाकला तर तो उंबरठाच मोडेल. त्यामुळे मूळ मुद्द्याला माझं +१.

उन्हाची_तिरीप

मी थोडं वेगळं बोलते. लोगो कंपनीचा असतो, दिग्दर्शकाचा नाही. फुकासाकूंनी लाट चित्रित केली नव्हती. कंपनीने आपली पाटी बदलली तर जुन्या दुकानावरही नवीच पाटी लागणार. मला सिनेमा नीट, पूर्ण, स्वच्छ दिसला की पुरे. लोगोसाठी सिनेमा बघायचा सोडून देणं मला पटत नाही.

भरतीओहोटी

तिरीप, सिनेमा मी दुसऱ्या दिवशी बघितला, आणि चांगला होता. :)

पण पाटीचं उदाहरण जुळत नाही. पाटी दुकानाबाहेर असते. हा लोगो त्याच रिळात, त्याच फिल्मवर, सिनेमाच्या पहिल्या चौकटीआधी जोडलेला असतो. त्या वेळच्या प्रेक्षकाने अंधारात बसून जे पाहिलं त्याचाच तो भाग. साठच्या दशकात तोक्योतल्या चित्रपटगृहांत तोएईचे याकुझापट, म्हणजे गुन्हेगारी टोळ्यांचे सिनेमे, रात्रभर चालायचे, त्यांचा नायक केन ताकाकुरा पडद्यावर आला की विद्यार्थी टाळ्या आणि आरोळ्यांनी थिएटर डोक्यावर घ्यायचे. त्या रात्रींची सुरुवात त्याच लाटेने व्हायची. कागदोपत्री लाट कंपनीची असेल, पण आठवणीत ती त्या पोरांचीही आहे.

रीळवाला

धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. माझं बालपण प्रोजेक्टरच्या खोलीत गेलं, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

पहिली, रुंद पडद्याबद्दल. सिनेमास्कोपमध्ये कॅमेऱ्याची खास लेन्स चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत बसवते. फिल्मवर सगळी माणसं उंच, काडीसारखी दिसतात. प्रोजेक्टरला उलट काम करणारी लेन्स लावली की चित्र पसरून मूळ आकारात येतं. म्हणजे जुन्या चौकोनी मापाची लाट तोएईस्कोपच्या रिळाला जोडली असती, तर ती त्या लेन्समधून दुप्पट पसरून आडवी, चपटी दिसली असती आणि त्रिकोण दबून गेला असता. वरून-खालून कापायचं म्हटलं तर उडालेलं पाणी जातं नाहीतर खडकाचा पाया जातो. त्यामुळे नव्या मापाची लाट करण्यावाचून इलाज नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिळाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक सगळ्यात जास्त मार खातं. दर खेळाला ते हाताने ओढून मशीनमध्ये भरलं जातं, जमिनीला लागतं, तुटतं, कापून पुन्हा जोडलं जातं. गावोगाव फिरलेल्या प्रिंटमध्ये पहिल्या रिळाची सुरुवात कित्येकदा शिल्लकच नसते. म्हणजे लोगोच आधी मरतो. कधीकधी कंपन्या मुद्दाम लोगो बदलत नाहीत, त्यांच्या हाती आलेल्या प्रतीत तो बघण्यालायक उरलेला नसतो. तुमच्या डीव्हीडीचं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण हेही लक्षात असू द्या.

भरतीओहोटी

रीळवाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. तरी एक म्हणेन. एका सिनेमाच्या प्रतीतली लाट खराब झाली असेल, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या सिनेमातली घेता येईल. कंपनी तीच, लाट तीच. पन्नास वर्षांनंतरची लाट लावायची गरज नाही.

रीळवाला

हे मात्र सोळा आणे खरं.

अक्षरवेल

अवांतर : आपल्याकडे प्रभातची तुतारी आठवा. कमानदार अंगाची ती स्त्री तुतारी उंचावते आणि पुढे काय बघायला मिळणार याची खात्री पटते. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तुतारीशिवाय सुरू होणारा प्रभातचा बोलपट माझ्या आईला अर्धवट वाटेल, आणि तिला सिनेमाच्या जतनाबद्दल कुणी काही शिकवलेलं नाही. तिरीप, तुमचा प्रश्न मला इथे सुटल्यासारखा वाटतो.

उन्हाची_तिरीप

अक्षरवेल, तुतारी म्हटल्यावर मी गप्प. ती मलाही हवीच आहे. लाटेशी माझी तेवढी ओळख नाही म्हणून मी तसं बोलले असेन.

मोगरा७

माझा मुलगा शेजारी बसून वाचतोय. तो म्हणतो तोएई म्हणजे ड्रॅगन बॉल आणि वन पीस, आणि लोगोत लाट नाही, मांजर असतं!

भरतीओहोटी

मुलाचं बरोबर आहे. ती तोएई अ‍ॅनिमेशन. तोएईने १९५६ मध्ये एक छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ विकत घेतला आणि १९५८ मध्ये तिथून 'हाकुजादेन' आला, जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. ते मांजर म्हणजे पेरो, १९६९च्या बूट घातलेल्या मांजराच्या सिनेमाचा नायक. त्याची रेखाटनं यासुजी मोरींची, आणि त्या सिनेमावर काम करणाऱ्या तरुण चित्रकारांत हायाओ मियाझाकी होते. पेरो पुढे कंपनीची खूणच झाला. एका सिनेमातलं पात्र सगळ्या सिनेमांच्या सुरुवातीला येऊन बसलं. पुढे मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओने आपल्या सिनेमातल्या तोतोरो या पात्राला लोगोत बसवलं, तेव्हा पेरो कुणाच्या ना कुणाच्या मनात असेल असं मला आपलं वाटतं.

उन्हाची_तिरीप

तोहोच्या किरणांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९५४चा पहिला गॉडझिला. तो प्राणी पडद्यावर दिसायच्या कितीतरी आधी, सुरुवातीच्या नामावलीतच पावलांचे दणके आणि डरकाळी ऐकू येते. ती डरकाळी संगीतकार आकिरा इफुकुबेंची. डबल बासची तार सैल करून तिच्यावरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला होता. आधी आवाज, मग प्राणी. हे लिहिताना लक्षात आलं की सुरुवातीची ती पहिली मिनिटं काढून टाकली तर मी स्वतःच आधी तक्रार करेन.

निशिकासाईकर

मी तोक्योत निशिकासाईला राहते. इथे आपली भारतीय मंडळी इतकी आहेत की वाणसामानापासून गणपतीपर्यंत कशाचीच अडचण पडत नाही. महिन्याभरापूर्वी हा धागा वाचला आणि गेल्या रविवारी नवऱ्याला घेऊन इनुबोसाकीला जाऊन आले. म्हणून धागा वर काढतेय.

तोक्यो स्टेशनवरून 'शिओसाई' नावाची जलद गाडी चोशीला जाते, साधारण दोन तास लागतात. शिओसाई म्हणजे भरतीच्या वेळची समुद्राची गाज. तोएईच्या लाटेला भेटायला जायला याहून चांगल्या नावाची गाडी कुठली असणार? चोशी म्हणजे तोने नदी पॅसिफिकला मिळते ते टोक. मोठं मासेमारी बंदर आणि सोया सॉसचं जुनं गाव. तिथून पुढे चोशी देन्तेत्सू नावाची एवढीशी रेल्वे, अख्खी लांबी ६.४ किलोमीटर. २००६ मध्ये डबे दुरुस्त करायलाही पैसे नव्हते, तेव्हा या रेल्वेने लोकांना आपले 'नुरे सेन्बेई' म्हणजे सॉसमध्ये भिजवलेले मऊ तांदळाचे पापड विकत घ्या अशी विनवणी केली. देशभरातून लोकांनी घेतले आणि रेल्वे तगली. आम्हीही चार पाकिटं घेतली. चव खारट-गोड, दाताला चिकट, आम्हाला दोघांना फार आवडली.

इनुबोसाकीचं दीपगृह १८७४चं, ब्रिटिश अभियंता रिचर्ड ब्रंटन याच्या देखरेखीखाली बांधलेलं. आत वर जायला ९९ पायऱ्या. इनुबो म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. योशित्सुने या योद्ध्याचा किनाऱ्यावर मागे राहिलेला कुत्रा सात दिवस सात रात्री धन्यासाठी रडत होता, अशी दंतकथा आहे. वरून तीन बाजूंना नुसतं पाणी. वारा इतका की कठड्याला धरूनच उभं राहावं लागलं.

मग खाली किनाऱ्यावर उतरलो. भरतीओहोटी, मी फोनवर लोगोचं चित्र उघडून तासभर तीन खडक शोधत होते. खरं सांगते, तिथे तीन नाही, असंख्य खडक आहेत. थोडं डावीकडे सरकलं की तिनाचे पाच होतात, खाली वाकलं की दोनच दिसतात. त्यामुळे माझी खात्री झाली की कुणीतरी तिथे बराच वेळ फिरून, वाकून, नेमके तेवढेच खडक चौकटीत येतील अशी जागा शोधली असणार. 'कंपन्या तीन म्हणून खडक तीन' हे आधी ठरलं असावं असं तिथे उभं राहून मला वाटलं. तुम्ही वर शंका घेतली होती, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक. लाटा सतत येतात, पण चित्रातल्यासारखी उंच फुटणारी लाट क्वचितच. आम्ही थांबलो त्या वेळात मनासारख्या दोनच आल्या. पहिल्या वेळी मी पापडाचं पाकीट फोडत होते. दुसरी मिळाली. आवाजासकट चित्रित केलीय, दुवा तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने पाठवते.

भरतीओहोटी

ताई, काय लिहू! तीन वेळा वाचलं. दुवा मिळाला, लाट बघितली. तुमच्या चित्रीकरणात खडकावर पाणी आपटल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो, कारण तुम्ही लांब उभ्या होतात. लोगोत तो आपटण्याबरोबरच येतो. हा फरक मला आज पहिल्यांदा जाणवला.

रीळवाला

वरच्या प्रतिसादामुळे काल वडिलांना फोनवर तोएईची लाट दाखवली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. दोनदा बघितली, कानाशी धरून एकदा नुसती ऐकली. मग म्हणाले, "हे ऑपरेटरच्या फार सोयीचं आहे."

मी विचारलं कसं काय. तर फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज त्याच चित्राच्या शेजारी नसतो, वीसेक चौकटी पुढे असतो, कारण चित्राची खिडकी आणि आवाज वाचणारा दिवा मशीनमध्ये वेगवेगळ्या जागी असतात. मध्ये फिल्मचा सैल वेढा सोडावा लागतो. तो लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते, आणि ते कळायला कुणीतरी बोलेपर्यंत थांबावं लागतं. तोवर पब्लिक शिट्ट्या मारायला लागतं. आमच्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र आधी यायचं, त्याच्या अक्षरांवर ते फोकस लावून घ्यायचे, पण त्याला आवाज नसायचा.

"इथे पाणी दगडावर आपटतं आणि तेव्हाच आवाज येतो," ते म्हणाले. "नावं सुरू व्हायच्या आधीच वेढा बरोबर बसलाय की नाही ते कळलं असतं."